चौघांचे पंधरा हिस्से : इंदूरच्या एका घराची मृत्युपत्राविना वाटणी

इंदूरच्या राजेंद्रनगरातलं एक घर. चाळीस बाय साठचा प्लॉट, तळमजला १९७४ चा, वरचा मजला २००८ चा. घर बांधणारे सरकारी शाळेतले शिक्षक. ते २००४ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी २०२१ च्या पावसाळ्यात गेल्या. दोघांनीही मृत्युपत्र केलेलं नव्हतं. या दोन मृत्यूंच्या मधे, २०१३ मध्ये, चार मुलांपैकी तिसरा हृदयविकाराने अचानक गेला. त्याच्यामागे बायको आणि सात वर्षांची मुलगी.

हे कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण मृत्यूंचा क्रम आणि आकड्यांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवलं आहे, कारण या प्रकरणाचा सगळा जीव तिथेच आहे. नावांऐवजी नाती वापरते. दादा थोरला, पुण्यात. त्याच्या पाठची ताई, इंदुरातच सुदामानगरला. तिसरा तो मधला भाऊ, जो गेला. धाकटी बहीण अमेरिकेत. मधल्याची बायको धाकटीची वहिनी लागते, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणते. आणि नात. सासूच्या शेवटच्या आठ वर्षांत त्या घरात सासू, वहिनी आणि नात अशा तिघीच राहत होत्या.

तेराव्याची संध्याकाळ

तेराव्याला पंगत उठली आणि दादाने विषय काढला. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती, सगळे एकत्र पुन्हा कधी भेटणार, हे त्याचं म्हणणं. माझ्या वकिलीच्या अनुभवात तेराव्याच्या संध्याकाळी सुरू झालेली वाटणी क्वचितच नीट पार पडते. माणसं थकलेली असतात, रडून झालेलं असतं, आणि बोललेला प्रत्येक शब्द पुढे वर्षानुवर्षं उगाळला जातो. पण दादाची घाई लबाडीची नव्हती, हे आधीच सांगते.

तो म्हणाला, "घर आईच्या नावावर आहे. आपण चौघं, चार हिस्से. मधल्याचा हिस्सा पोरीचा. विकून मोकळं होऊ."

ताईने विचारलं, "आणि तिचं काय?" वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती.

"तिला कोण काढून राहिलंय? राहू दे ना विकेपर्यंत. पण हिस्सा पोरीचा, तिचा नाही."

तिथे एक चुलतभाऊ बसला होता. त्याने भर घातली, की बाबा २००५ च्या आधी गेले, तेव्हा मुलींना हिस्साच नाही, शिवाय दोघींनी तेव्हाच सही करून दिलेली आहे. ताई उठून गेली. धाकटी फोनवर होती, तिने फोन ठेवला. पुढचे दोन महिने भावंडांत फक्त आईच्या पेन्शनपुरतं बोलणं झालं. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेलं कुटुंब निवृत्तिवेतन बँकेने परत घेतलं, ते ठीकच होतं.

पिशवीत नसलेला कागद

ताई माझ्याकडे आली ती प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. घराची रजिस्ट्री, वडिलांच्या नावाची. निगमच्या संपत्तिकराच्या पावत्या, २००५ पासून आईच्या नावाच्या. २००४ चा एक शपथपत्राचा कागद. बँकेच्या ठेवीची पावती, दादा नॉमिनी. आणि दोन मृत्यूचे दाखले, आईचा आणि बाबांचा.

मी विचारलं, "मधल्याचा दाखला?"

"त्याचं इथे काय काम?"

मी म्हटलं, तोच आधी आण.

तीस वर्षं दिवाणी दावे चालवताना मी हे एक शिकले, की हिस्सा कोणाला किती हे विचारायच्या आधी कोण कधी गेलं ते ओळीने लिहून काढायचं. बहुतेक घरं उलट करतात. आज जिवंत कोण आहेत ते मोजतात, तेवढ्याने भागतात आणि मग भांडतात. वारसा मात्र ज्या दिवशी माणूस जातो त्याच दिवशी उघडतो आणि त्याच दिवशी वाटला जातो. कोणी कागद केला असो वा नसो.

आधी दादाचं म्हणणं तपासू. घर आईच्या नावावर होतं का? नव्हतं. निगमच्या खात्यावर आईचं नाव होतं, आणि ते कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी. मालकी रजिस्ट्रीत, आणि रजिस्ट्री वडिलांची. नामांतरणाच्या नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणातही ते पुन्हा सांगितलं. तरी इंदुरात आजही "निगममध्ये नाव चढलं" म्हणजे घर नावावर झालं असंच समजलं जातं.

चुलतभावाचं म्हणणं तर दोन्ही बाजूंनी चूक. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ ला लागू झाला. त्या दिवसापासून वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित, सहदायिकीच्या, म्हणजे जिच्यात जन्मतःच हक्क मिळतो अशा मालमत्तेबद्दलची. तिथेही वडील त्या तारखेला हयात असायला हवेत ही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला कायमचं ठरलं. हे घर शिक्षकाच्या पगारातून झालेलं, म्हणून २००५ चा इथे प्रश्नच नव्हता. २००४ मध्ये मुलींना एवढीच अडचण होती, की भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी त्यांना स्वतःहून मागता येत नसे. ते कलम २३ दुरुस्तीने काढून टाकलं. हिस्सा तेव्हाही होताच.

आणि ती "सही"? शपथपत्रात दोघी मुलींनी लिहून दिलं होतं, की निगमच्या खात्यावर आईचं नाव लावायला आमची हरकत नाही. हक्क सोडल्याचा त्यात एक शब्द नव्हता. असता तरी उपयोग नव्हता, कारण स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो. ताईला तो कागद आठवतही नव्हता. "बाबा जाऊन महिना झाला होता. दादाने पुढे केला, मी केली सही."

हिशेब

मग मी कोऱ्या कागदावर तीन मृत्यू ओळीने मांडले.

२००४. वडील गेले. पहिल्या वर्गाचे, म्हणजे कायद्याने सगळ्यांत आधीचे वारस : पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. पाच जण, प्रत्येकी १/५. (वडिलांची आई आधीच गेलेली होती. ती असती तर तिचाही एक हिस्सा.)

२०१३. मधला गेला. त्याचा १/५ कोणाला? सगळे म्हणतात बायकोला आणि मुलीला. पण हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची आईही असते, आणि बरोबरीने असते. हे लोक हमखास विसरतात. म्हणून त्या १/५ चे तीन भाग झाले : वहिनी १/१५, नात १/१५, आणि आई १/१५. आईकडे आता स्वतःचा १/५ आणि हा १/१५, मिळून ४/१५.

२०२१. आई गेली. स्त्रीच्या वारशाचं कलम वेगळं आहे, १५ वं. त्यात मुलगे, मुली, आधी गेलेल्या मुलामुलींची मुलं आणि नवरा येतात. विधवा सून या पहिल्या ओळीत येत नाही. सासऱ्याच्या वारशात येते, सासूच्या नाही. आईच्या ४/१५ चे चार भाग : दादा, ताई, धाकटी, नात. प्रत्येकी १/१५.

एकूण झालं असं : दादा ४/१५, ताई ४/१५, धाकटी ४/१५, नात २/१५, वहिनी १/१५.

चार हिस्से समजून बसलेल्या घराचे पंधरा निघाले. आणि मधल्याच्या शाखेला चौथा हिस्सा नाही, पाचवाच मिळाला.

मी तो कागद दोनदा तपासला. मधला वडिलांच्या आधी गेला असता, तर त्याची बायको आणि मुलगी मिळून घराच्या १/४ ला पोचल्या असत्या. तो आईच्या नंतर गेला असता तरी १/४. तो वडिलांच्या नंतर आणि आईच्या आधी गेला, एवढ्याच एका कारणाने शाखेचा १/२० भाग कमी झाला. मुलाच्या हिश्श्याचा तिसरा भाग आईकडे गेला आणि आईकडून तो चौघांत विखुरला. घराचा भाव तेव्हा दीड कोटी धरला होता. १/२० म्हणजे साडेसात लाख. नवरा ऐन उमेदीत गेलेल्या, खासगी शाळेत शिकवणाऱ्या बाईचे साडेसात लाख.

दादाची समजूत, घर आईचं आणि चौघांना चौथाई, कायद्याने चूक होती, पण तिच्यात नातीला १/४ मिळत होता. मी काढलेला हिशेब बरोबर होता आणि त्याने मायलेकींचं नुकसान होत होतं. ताईपुढे तो कागद सरकवताना माझा हात जड झाला. दडवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पुढे कोणीतरी हा हिशेब काढलाच असता, आणि तोवर मायलेकी चौथाईच्या भरवशावर बसल्या असत्या.

घरात बसायची जागा

वर्षश्राद्धाला दादा आला तेव्हा सगळे त्याच घरात बसलो. धाकटी पडद्यावर. मी हिस्से वाचून दाखवले. दादाने त्याच्या मुलांचं विचारलं, नातवांना आजोबांच्या घरात जन्माने हक्क असतो ना? स्वकष्टार्जित घर वारसाने आलं की ते ज्याच्या वाट्याला आलं त्याचं स्वतःचं, मुलांना त्यात जन्मतः काही नाही. आईने मृत्युपत्र केलं असतं तर काय झालं असतं, हेही त्याने विचारलं. हा प्रश्न चांगला होता. तिने पूर्ण घर कोणाच्या नावे लिहिलं असतं तरी त्यातला ४/१५ च लागू झाला असता. जे तिचं नव्हतं ते ती देऊ शकत नव्हती.

वहिनी दाराशी उभी होती. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. तिने विचारलं, "माझा किती म्हणालात?"

"पंधरावा."

"माझा स्वतःचा? मुलीचा सोडून?"

"तुझा स्वतःचा. २०१३ पासूनचा."

ती काही बोलली नाही. मला पुढे ताईकडून कळलं, की नवरा गेल्यापासून त्या घरात नवा पडदा लावायचा तरी ती सासूला विचारायची आणि सासू म्हणायची, "अगं विचारतेस काय." आठ वर्षं ती स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वागत होती आणि तिला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. दहा लाखांचा हिस्सा दीड कोटीच्या घरात काय मोठा! पण त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलताना "पोरीचा हिस्सा" म्हणायचा थांबला.

या पंधराव्याला कायद्यातही मोल होतं, ते पुढे येईल.

नात सज्ञान होईपर्यंत

घर विकायचं यावर तोवर सगळ्यांचं जवळपास एकमत झालं होतं. वहिनीलाही ते मोठं घर झेपत नव्हतं, तिला जवळपासच दोन खोल्यांचा फ्लॅट हवा होता. अडचण नातीच्या वयाची. ती २००६ ची. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चं कलम ८ सांगतं, की अज्ञानाची स्थावर मालमत्ता आई असली तरी न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही. विकली तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार उलटवू शकतं. कोणता शहाणा खरेदीदार असं घर घेईल?

परवानगीचा अर्ज करता आला असता. पण त्यात वेळ जातो आणि पैसे बहुधा मुलीच्या नावे ठेवीत अडकतात, मग फ्लॅट कशातून घेणार? थांबायचं ठरलं. दादाला ते पटायला वेळ लागला. मधे त्याने आपला अविभक्त हिस्सा एका दलालाला द्यायचं बोलणं केलं. मी त्याला उत्तराधिकार अधिनियमाचं कलम २२ दाखवलं : एखाद्या वारसाला हिस्सा विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो घ्यायचा पहिला अधिकार आहे. शिवाय राहत्या घराचा अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला आत येऊन राहायचा हक्क मिळत नाही, म्हणून दलाल असा हिस्सा मातीमोलाने मागतात. त्याने ते सोडलं.

थांबण्याच्या काळात वरच्या मजल्याचं भाडं वहिनीने घेतलं. त्यातून संपत्तिकर, नळपट्टी, गच्चीची दुरुस्ती केली आणि पै न पै वहीत मांडली. ती वही कोणी मागितली नव्हती. तिने स्वतःहून पुढे ठेवली.

पाटल्या

घरावरून झालं नाही तेवढं बोलणं सोन्यावरून झालं. सोनं निघालं अठरा तोळे, आणि शिवाय वहिनीच्या हातातल्या चार तोळ्यांच्या पाटल्या. ताईचं म्हणणं, आईचं सोनं लेकींचं असतं. रीत तशी आहे, कायदा तसा नाही. आईच्या दागिन्यांनाही तेच कलम १५, तेच चार वाटे : दादा, ताई, धाकटी, नात. ताईला हे लागलं. मग ती म्हणाली, "ठीक आहे, पण पाटल्याही मोजा. त्या आईच्या आहेत."

जंगम वस्तू हयातीत हातात दिली की दान पूर्ण होतं, दस्त लागत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच, की आईने पाटल्या दिल्या होत्या की नुसत्या घालायला सोपवल्या होत्या. कोर्टात असल्या प्रश्नाला चार वर्षं आणि चार साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार म्हणजे मोलकरीण, शेजारीण, भिशीतल्या मैत्रिणी. मी वहिनीला विचारलं, काही आधार आहे का? ती म्हणाली नाही. "आत्ता द्यायला सांगाल तर देते."

तीन दिवसांनी ताईचा फोन आला. तिने स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम काढला होता. २०१७ चं लग्न. फोटोत वहिनीच्या हातात पाटल्या आणि आईचे हात मोकळे. तो पाहताना तिला आठवलं, की लग्नाच्या आदल्या रात्री तिनेच आईला विचारलं होतं, पाटल्या का नाही घालत? आई म्हणाली होती, "त्या मी तिला देऊन टाकल्या. मी नऊ वर्षं मोकळ्या हातांनी काढली, तिने कशाला काढायची?" ताई फोनवर रडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं गं. मला आठवायचं नव्हतं."

पाटल्या वाटणीतून बाहेर झाल्या. बाकी सोनं सराफ्यात तोलून घेतलं, वजनाने साडेचार-साडेचार तोळ्यांचे चार वाटे केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. मोहनमाळ नातीच्या वाट्याला आली, जी ताईला हवी होती. नातीने ती ताईला बदलून दिली.

नॉमिनी आणि स्लॅब

आईची सोळा लाखांची ठेव बँकेने २०२१ मध्येच दादाच्या खात्यात जमा केली होती, नॉमिनी म्हणून. त्याला ती आपलीच वाटत होती. आईने त्याचं नाव लिहिलं होतं ना! सबंध महाराष्ट्रात आणि आमच्या माळव्यात इतकी घट्ट समजूत दुसरी नसेल. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे तो माणूस, मालक नव्हे. विम्याबद्दल हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं. (विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला, आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती आता लाभार्थी धरली जातात. बँकेच्या ठेवींना तो बदल लागू नाही.) बँक ठेवींबद्दल २०१० मध्ये रामचंद्र तलवार प्रकरणात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल १४ डिसेंबर २०२३ ला, आणि ते प्रकरण 'कालनिर्णय'च्या साळगावकर कुटुंबातलं आहे. मी दादाला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदाच गप्प बसला, कारण त्याच्या घरी भिंतीवर तेच कॅलेंडर होतं.

मग त्याने आपलं खरं दुखणं सांगितलं. वरचा मजला २००८ मध्ये त्याच्या पैशांनी झाला होता. सहा लाख, कर्ज काढून. हप्त्यांचे उतारे त्याने जपून ठेवले होते. त्या मजल्याचं भाडं तेरा वर्षं आईने घेतलं, त्याने कधी मागितलं नाही. आईच्या शेवटच्या आजारपणाचं दोन लाख ऐंशी हजारांचं बिलही त्यानेच भरलं. "तेराव्याला मी विषय काढला म्हणून मी लोभी झालो. स्लॅब टाकला तेव्हा कोण होतं?" बहिणींना कर्जाचं ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटत होतं बाबांच्या शिल्लकीतून झालं.

हे मी महत्त्वाचं मानते. ज्याला सगळे हपापलेला म्हणत होते त्याची नोंदच कोणी केली नव्हती.

सोळा लाखांतून आजारपणाचे दोन लाख ऐंशी हजार आधी वजा झाले. उरले तेरा लाख वीस हजार. त्यातून स्लॅबचे सहा लाख दादाला, बिनव्याजी. उरलेल्या सात लाख वीस हजारांचे चार वाटे, प्रत्येकी एक लाख ऐंशी हजार. दादाने तिघींना मिळून पाच लाख चाळीस हजार दिले. यात नातीचाही वाटा कमी होत होता, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ती अठरा पूर्ण झाल्यावर तिच्याशी वेगळं बसून, तिच्या आईलाही बाहेर थांबवून, मी हिशेब समजावला आणि मगच सही घेतली.

स्लॅब मान्य झाल्यावर ताईने साडेसात लाखांचा विषय काढला. मधला आईनंतर गेला असता तर हे पैसे आपले नसतेच, मग आता कसे घ्यायचे? धाकटीने लगेच हो म्हटलं. दादा चार दिवसांनी हो म्हणाला.

कागद

इथे पंधराव्याचं मोल कळतं. आपला हिस्सा हक्कसोडपत्राने सोडायचा तर तो सहमालकाच्या हक्कात सोडता येतो. परक्याला सोडला तर ती विक्री किंवा दान होतं आणि मुद्रांक त्याप्रमाणे लागतो. वहिनी स्वतःच्या पंधराव्यामुळे सहमालक होती. म्हणून तिघांनी प्रत्येकी १/६० तिच्या हक्कात सोडला. तिघांचा प्रत्येकी १/४ राहिला. वहिनीचे ७/६० झाले, नातीचे ८/६० होते तसेच, मिळून १/४.

काहीजण म्हणाले, तोंडी समझोता करा, मग नुसती याद लिहा, नोंदणीचा खर्च वाचेल. कौटुंबिक समझोता तोंडी होऊ शकतो, आणि आधीच झालेल्या समझोत्याची नुसती याद असेल तर तिला नोंदणी लागत नाही, हे १९७६ च्या काले प्रकरणापासून मान्य आहे. पण कागदानेच हक्क तयार होत असेल तर नोंदणी टळत नाही, आणि खरेदीदार गृहकर्ज घेणारा होता. मी नोंदणीचाच आग्रह धरला. उत्तराधिकार प्रमाणपत्र मात्र कुठेच लागलं नाही. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं, घरासाठी नसतं. आईच्या बचत खात्याला नामनिर्देशन नव्हतं, पण रक्कम लहान होती. ती बँकेने सगळ्या वारसांच्या सह्यांवर दिली.

धाकटीचं मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आलं. परदेशात केलेला कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. तो पाकीट न उघडता दीड महिना ताईच्या कपाटात पडून होता. थोडक्यात वाचलो.

विक्री डिसेंबर २०२४ मध्ये झाली, मध्य प्रदेशच्या दस्त नोंदणीच्या नव्या संपदा २.० प्रणालीवर, दीड कोटीला. प्रत्येकाचा हिस्सा पन्नास लाखांच्या, म्हणजे कर कापायच्या मर्यादेच्या आत असला तरी घराची एकूण किंमत वर असल्याने खरेदीदाराने इथल्या चौघांच्या रकमेवर एक टक्का कर कापला. धाकटी अनिवासी, तिच्या हिश्श्यावर आयकर कायद्याच्या कलम १९५ प्रमाणे बराच जास्त. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी मागायला हवं होतं. ते मी वेळेवर सांगितलं नाही, ती माझी चूक. भांडवली नफ्यासाठी १९७४ चा खर्च शोधत बसावं लागलं नाही, १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. भारतात राहणाऱ्यांना महागाई निर्देशांकासह वीस टक्के किंवा त्याविना साडेबारा टक्के, यातलं सोयीचं निवडता आलं. धाकटीला ती निवड नव्हती. वहिनी आणि नातीने मिळून फ्लॅट घेतला, म्हणून त्यांना घर विकून घर घेणाऱ्यांसाठीची कलम ५४ ची सूट मिळाली.

देवघर कोणत्याच कागदात नव्हतं. कुळाचार थोरल्याकडे जातो म्हणून टाक दादा पुण्याला घेऊन गेला. महालक्ष्म्यांचे मुखवटे नेण्यासाठीही त्याने खोका आणला होता. ते वहिनी बारा वर्षं मांडत आली होती. तिने ते जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवले. दादाने खोका बंद केला आणि गाडीत फक्त टाक ठेवले.

ताई आणि दादा आजही मोजकंच बोलतात. धाकटीचा जास्तीचा कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत आला. त्यातून तिने वहिनीच्या फ्लॅटला दाराबाहेर लावायची पाटी करून पाठवली. पाटीवर मायलेकींची दोन नावं आहेत, वहिनीचं आधी.